चुलीमागची खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी मनातल्या मनात नेमकं हेच गिळते. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच कदाचित जमेल. मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. पालीला भिते, विजेला भिते, आणि फोनवर कांताबाईंचं, पूर्वी माझ्याकडे कामाला होत्या त्यांचं, नाव दिसलं की आधी फोन पालथा ठेवते. त्या फोन करतात ते बहुधा नातवाच्या शाळेचं काहीतरी विचारायला. तरी ठेवते.

संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्याला लागून माझं हॉटेल आहे. छोटंच. वडील शाळामास्तर, नवरा कॉलेजच्या ऑफिसात कारकून. आमच्याकडे गल्ल्यावर कुणी बसलेलं नव्हतं. मला मात्र रांधायची हौस. चार पाहुणे जेवून 'तुमच्या हाताला चव आहे' म्हणाले, की माणूस काय काय करून बसतं! पोळीभाजी, वरणभात, ताक — साधं जेवण ठेवायचं ठरवलं, आणि सुरुवातीला ते चाललंही.

मग रस्त्याकडेला भलतंच उगवायला लागलं. कुणी परातीएवढ्या ताटात थाळी देई आणि एकट्यानं संपवली तर फुकट म्हणे. कुणी खेळण्यातल्या बैलगाडीतून पिठलं पाठवी. पाणीपुरीत आइस्क्रीम, वडापावावर चीज, कुल्हडात पिझ्झा — आणि लोक रांगा लावून खात. खाण्याआधी फोटो. माझ्या वरणभाताचा फोटो कोण काढणार होतं? त्यात आचारी टिकेना, सणाला गावी गेला की गेलाच. गॅस महागला. घरपोच जेवण नेणारे ॲपवाले आपला वाटा आधी कापून घेत. सगळ्यांची सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. मी मग येईल ते सोंग आणलं.

मी चूल मांडली. दारातच, पत्र्याच्या शेडखाली, शेणानं सारवून, कडेनं रांगोळी काढून. वर मोठा बोर्ड — चुलीवरचं गावरान जेवण. चुलीशी कांताबाई बसायच्या. त्या पाथर्डीकडच्या. पूर्वी ऊसतोडीच्या टोळीबरोबर दर साल इकडे यायच्या. गुडघे गेले तेव्हा कोयता सोडला आणि मुलाबरोबर इथेच राहिल्या. मुलगा टेम्पो चालवतो. कांताबाई भाकरी थापायच्या आणि लोक उभे राहून बघायचे. भाकरी तेवढी खरंच चुलीवरची होती.

बाकी सगळं गॅसवर. शेवभाजी, पिठलं, भरीत, आमटी — सगळं. शिर्डीहून परतणारी एखादी गाडी थांबली की अख्खं कुटुंब एकदम उतरतं आणि ताट लगेच हवं असतं; लाकडाच्या जाळावर तेवढं उरकत नाही. मग चुलीमागच्या खोलीत दोन मोठ्या शेगड्या ठेवल्या. आणि चव? त्यालाही तोड होती. चुलीतला लाल निखारा वाटीत घ्यायचा, वाटी भाजीच्या पातेल्यात मधोमध ठेवायची, वर चमचाभर तूप सोडायचं आणि झाकण दाबायचं. धूर मुरतो. घरी भरताला देतात तसाच धुंगार. लोक बोटं चाटत म्हणायचे, चुलीची चव ती चुलीचीच. मी हसायचे.

इथवर लबाडीच होती. धंद्यात थोडंफार चालतं, असं मी स्वतःला सांगत होते. तुम्हीही म्हणाल, त्यात काय एवढं? थांबा.

त्या खोलीला एकच खिडकी होती, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेकडे उघडणारी. एकदा एक गृहस्थ हात धुता धुता आत डोकावले आणि म्हणाले, अहो, हा तर गॅस! चहापुरता आहे, असं मी म्हणाले. ते गेले, पण माझी झोप गेली. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून मी खिडकीवर आतून प्लायवूडची फळी ठोकून घेतली. दाराला जाड पडदा लावला. हवा जायला पंखा बसवायचा होता, तो पुढच्या महिन्यावर ढकलला. पुढचा महिना पुढेच जात राहिला.

कांताबाईंना गॅस मीच शिकवला होता. त्यांचा जन्म चुलीपुढे गेलेला. माझ्या आईनं मला शिकवलेलं तेच मी त्यांना शिकवलं — आधी हुंगायचं. वास आला तर सिलेंडर बंद, खिडकी उघडी, आणि विस्तव जवळ आणायचा नाही. दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावायचा नाही. पोरींना चहा करायला शिकवताना पहिलं हेच सांगतात ना? स्वयंपाकघरातलं अगदी बालवाडीचं ज्ञान. कांताबाईंनी ते पक्कं धरलं. रोज पेटवण्याआधी त्या शेगडीशी वाकून हुंगायच्या, आणि मी त्यांना चिडवायचे, की अहो, फूल नाही ते.

त्या दिवशी पुण्याहून एकजण व्हिडिओ काढायला येणार होता. अशांच्या एका व्हिडिओनं हॉटेलं भरतात आणि एकानं ओस पडतात. मी सकाळपासून नुसती धावत होते. तो आला आणि नेमकी त्या खिडकीबाहेर गाडी लावून कॅमेरा जुळवत बसला. शेवभाजी उतरवून शेगड्या विझवल्या होत्या, आमटी अजून चढायची होती, आणि मी ताट मांडत होते. तेवढ्यात कांताबाई पडद्याआडून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आत गॅसचा वास येतुया. फळी काढू का?"

मी आत गेले. बाहेर आले. म्हणाले, "काही नाही हो, लसूण करपलाय. शेवभाजीला धुंगार द्या, पटकन."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग चिमट्यानं चुलीतला निखारा उचलला, वाटीत ठेवला आणि पडदा सारून आत गेल्या.

मोठा आवाज झाला नाही. नुसता भप्प — जणू कुणी ओली चादर जोरात झटकली. पडदा बाहेरच्या बाजूला फुगला. मी धावले. भांड्यांखाली पसरलेलं ओलं पोतं ओढलं आणि त्यांच्यावर टाकलं. गॅसच्या नळीच्या टोकाशी जळत होतं, ते सिलेंडर फिरवून बंद केलं. हे कसं केलं मला आठवत नाही, पण केलं मीच; लोकांनी पाहिलं ते एवढंच, की पडद्याआडून मी त्यांना धरून बाहेर आणलं. व्हिडिओवाल्यानंच आम्हाला त्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटेत कांताबाई ओरडल्या नाहीत. दोन्ही हात पुढे धरून नुसत्या 'आई, आई' करत होत्या.

त्यांचा चेहरा वाचला. डोळे वाचले. हात मात्र कोपरापर्यंत भाजले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं? माझ्या तोंडून आपोआप निघालं — चुलीवर काम करताना पदर पेटला. का निघालं? बोर्डावर चूल होती म्हणून. खोटं एकदा मुरलं की ते न बोलावता बाहेर येतं. मग कळलं की बाई भाजली की पोलीस जबाब घ्यायला येतातच. मला फळी दिसायला लागली, पडदा, तडा गेलेली नळी. मला माझा फोटो दिसायला लागला, पेपरात.

पोलीस यायच्या आधी मी त्यांच्या खाटेशी बसले होते. हात पांढऱ्या पट्ट्यांत, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनीच विचारलं, "ताई, वास येत हुता न्हवं?"

मी म्हणाले, "नाही हो कांताबाई. वास नव्हता. निखारा उडून तुमच्या पदरावर पडला."

किती वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या! मी नजर काढली नाही. भित्र्या माणसाला गरज पडली की हेही जमतं.

"व्हय का?" त्या म्हणाल्या. "मग माझंच चुकलं."

पोलिसालाही त्यांनी तेच सांगितलं. चुलीपुढे होते, निखारा उडाला, कुणाचा दोष न्हाई. त्यांच्या मुलानं माझ्या पायांना हात लावला. तुम्ही होतात म्हणून आई वाचली, म्हणाला. मी पाय मागं घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी नवी नळी बसवून घेतली, फळी उचकटली, आणि जुनी नळी पिशवीत घालून पुलावरून प्रवरेत टाकली. नदीला पाणी कमी होतं. पिशवी लवकर बुडाली नाही, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी कठड्याला धरून उभी होते.

आता ते सांगते, जे वर लिहिताना टाळलं. मी आत गेले आणि बाहेर आले, एवढंच लिहिलं ना? आत मला वास आला होता. चांगला नाकात भरेल इतका. लसणाचा नव्हता. आणि मला कळलं होतं — आईचे शब्द जसेच्या तसे आठवले होते. पण फळी काढली असती तर बाहेर बसलेल्या माणसाला शेगड्या दिसल्या असत्या. सिलेंडर बंद केला असता तर ताट अर्धं राहिलं असतं. मी मनात म्हणाले, एवढं एक पातेलं होऊ दे. काही होत नाही. आणि ज्या खोलीत मी स्वतः काडी ओढली नसती, त्या खोलीत मी त्यांना निखारा घेऊन पाठवलं.

हॉटेल चालू आहे. बरं चाललंय. चुलीशी आता दुसऱ्या बाई बसतात. त्या दिवसापासून मी धुंगार बंद केला. निखाऱ्याची वाटी मला बघवत नाही. चव बदलली असं एकाही गिऱ्हाइकानं म्हटलेलं नाही. अजूनही म्हणतात, चुलीची चव ती चुलीचीच.

खाई त्याला खवखवे — मला कुणाचीही चाहूल लागते. खाकी कपड्यातला माणूस साधा चहा प्यायला थांबला तरी मी गल्ल्यावरून उठून आत जाते. सगळ्यात मोठी भीती पोलिसांची असेल, असं मला वाटायचं. तसं नाही. कांताबाईंना एक दिवस आठवेल, याची आहे. आणि त्यांना कधीच आठवणार नाही, याचीही आहे.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले होते. सून बाजारात गेली होती. घरात त्यांना आता कुणी विस्तवाशी जाऊ देत नाही. सासूबाई विसरभोळ्या झाल्यात, असं सूनच मला मागं सांगत होती. चहा केल्याशिवाय त्या मला सोडेनात. आखडलेल्या बोटांनी त्यांनी लायटर धरला, शेगडीशी वाकल्या आणि हुंगलं. परत हुंगलं. मग तिसऱ्यांदा. आणि लायटर माझ्यापुढे केला.

"तुमीच बघा ताई," त्या म्हणाल्या. "माझ्या नाकाचा काय भरवसा न्हाई ऱ्हायला."

मी वाकले. खरंच वास नव्हता. "नाही येत," मी म्हणाले.

त्यांनी लगेच मान डोलावली. आणि तरीही मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकल्या, दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी गॅस पेटवला. चहा झाला. आम्ही दोघींनी तो घेतला, आणि मी घरी आले.