निळ्या शेवाळाची थाप

सिदी गनामच्या किनाऱ्यावर कोणी थापा मारण्याची स्पर्धा ठेवली असती, तर लयाशीला बक्षीस मिळालं नसतं. त्याला थेट परीक्षकच नेमलं असतं. चाळीस वर्षं त्यानं समुद्रात बुड्या मारून तळाचं लाल शेवाळ उपटून विकलं आणि तितकीच वर्षं मआतीच्या चहाच्या दुकानात बसून गावाला गोष्टी पुरवल्या. एका ऑक्टोपसानं म्हणे त्याची चप्पल पळवली आणि आठवड्यानं, मापात बसत नाही म्हणून, परत आणून दिली. एका म्हाताऱ्या वामीनं त्याला बापाच्या नावानं हाक मारली. लोक हसायचे, पुदिन्याचा चहा पुन्हा ओतला जायचा, आणि मआती गल्ल्यावरून ओरडायचा, "थापाड्या! देव बघतोय!"

पण माणूस कितीही थापाड्या असला, तरी आयुष्यात एखादी खरी गोष्ट त्याच्याही वाट्याला येतेच. लयाशीच्याही आली, आणि नेमकी तीच कोणाला पटेना.

त्याचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. खोल कपारीत त्याला एक झुडूप दिसलं. हातभर उंच, आणि निळं. साधं निळं नव्हे, मोराच्या मानेसारखं. जरा हललं की हिरवं, की पुन्हा निळं. त्यानं एक डहाळी तोडली, दातात धरली, वर आला, आणि तसाच निथळत्या अंगानं तामूच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुझ्यासाठी समुद्रातला दागिना आणलाय!"

मूठ उघडली तर आत तपकिरी काडी.

तामूनं ती उलटसुलट करून पाहिली. "दागिना झाला," ती म्हणाली. "झाडू कधी आणतोस?"

त्यानंतर तो दोनदा त्या कपारीत उतरला, दोनदा डहाळी घेऊन वर आला आणि दोन्हीदा हातात काडीच. "दृष्ट लागते तिला," तो सांगत राहिला. मग हिवाळ्यातल्या एका वादळात भलामोठा खडक गडगडून कपारीवर बसला आणि विषय संपला. समुद्रापुरता. तामूनं त्याच्याशी लग्न केलं, पाच मुलं वाढवली, पण भांडण रंगात आलं की ती काडी बाहेर पडायचीच.

यंदा शेवाळाचा हंगाम सुरू झाला आणि कासा शहरातल्या विद्यापीठातून इब्तिसाम नावाची मुलगी गावात आली. गळ्यात चष्मा, पायात रबरी बूट, काखेत चित्रं आणि वाळवलेल्या डहाळ्या चिकटवलेली जाडजूड वही. या किनाऱ्यावर पूर्वी असलेली आणि आता दुर्मीळ झालेली शेवाळं ती शोधत होती. तामूनं तिला घरात ठेवून घेतलं. मआतीच्या दुकानात तिनं वही उघडली आणि विचारलं, यातलं कोणी काय पाहिलंय?

लयाशीनं वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. "मी पाहिलेलं यात नाही. ते निळं होतं. मोरासारखं."

दुकानात हशा पिकला. "आली! निळी आली!" मआतीनं टेबलावर थाप मारली. "पोरी, लिहून घे. आणि ऑक्टोपसाच्या चपलेचं मापही विचारून घे!"

इब्तिसाम मात्र हसली नाही. तिची पेन्सिल मधेच थांबली होती. "बा लयाशी, मला दाखवाल? मी तीन दिवस आहे. एक डहाळी मिळाली तरी पुरे. नुसत्या सांगण्यावर मला वहीत लिहिता येत नाही."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला "दाखव" म्हणालं होतं. थापा पचल्या काय न पचल्या काय, त्याला कधी फरक पडला नव्हता. पण हे एक खरं होतं. ही पोर रिकाम्या हातानं बसमध्ये चढली, की त्याचं खरंही कायमचं त्या ऑक्टोपसाशेजारी जाऊन बसणार होतं.

बुड्या मारणं त्यानं तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं. पुतण्याचा रबरी पोशाख चढवला. तो पोटावर बसेना म्हणून वरून दोरी बांधली आणि तरंगायला टायरची ट्यूब घेऊन तो पाण्यात शिरला. पहिला दिवस जुनी कपार शोधण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं बाहेरचे सगळे खडक पालथे घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो परतला तो एक कान धरून. हात रिकामे.

तामू त्याच्याआधीच आली होती. अमावास्येची ओहोटी होती, खडक पार कोरडे पडले होते, आणि गावच्या सगळ्या बायका त्यांच्या डबक्यांवर जाऊन आल्या होत्या. सिदी गनामची वाटणी पूर्वीपासून ठरलेली: खोल पाणी बाप्यांचं, खडकांमधली डबकी बायकांची. बायका झगे वर खोचून काम करतात, तिकडे बाप्या फिरकला तर त्याचं वर्षभर हसं होतं. तामू अंगणात बसून निवडत होती. लाल ते चादरीवर, कचरा तो वजीरापुढे. वजीर म्हणजे तिचं गाढव.

इब्तिसामची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. बस दुपारची.

"मिळालं नाही," लयाशी भिंतीला टेकत म्हणाला. एवढंच. ना वाम, ना ऑक्टोपस. तामूनं मान वर करून पाहिलं. नवरा एका वाक्यात गप्प झालेला तिनं कधी पाहिला नव्हता. ती उठली, तेल कोमट केलं, त्याच्या कानात दोन थेंब सोडले. मग तिच्यानं राहवेना.

"पोरी, तू नको वाईट वाटून घेऊस. मला ठाऊक होतं. लग्नाआधी यानं मलाही आणून दिलं होतं. म्हणे निळा दागिना! बघते तर तपकिरी काडी."

"तामू!" लयाशी कळवळला. काडीची गोष्ट त्यानं त्या मुलीपासून लपवून ठेवली होती.

पण इब्तिसाम ताडकन उठली होती. "तपकिरी झाली? पाण्याबाहेर आल्यावर? मावशी, नक्की?"

"माझ्या या हातात होती."

"मग बा खरंच बोलतायत! ते शेवाळ पाण्यातच निळं दिसतं. हवेत आलं की रंग गेला." तिनं वही काढली, भराभर पानं उलटली. "हे बघा. हे वाळवून चिकटवलेलं आहे, म्हणून असं तपकिरी."

लयाशीनं पाहिलं. दुकानात हेच पान त्यानं थुंकी लावून उलटलं होतं.

तामूही वाकली. तिनं पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ही? ही तर कचऱ्यातली. ही मी रोज वजीराला घालते."

मागे वजीर मजेत चावत होता. मग तिघंही एकदम धावली. तामूनं गाढवाचा जबडा धरला, इब्तिसामनं अर्धी डहाळी बाहेर ओढली, आणि लयाशीनं आजच्याच ओहोटीचा ओला ढीग दोन्ही हातांनी उपसून दुसरी काढली, अख्खी. तामूनं समुद्राच्या पाण्याची बादली पुढे सरकवली. डहाळी आत सोडली, आणि ती निळी झाली. हलली, हिरवी झाली. पुन्हा निळी.

काखेत कळसा म्हणतात तो असा. बाप्यांनी ती पाण्यात पाहिली, पण बायकांच्या डबक्यांत कधी शोधली नाही. बायकांनी ती रोज उपटली, पण पाणी ओसरून ती उघडी पडल्यावरच.

तामू बादलीवर वाकून राहिली होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "निळीच आहे रे."

"सांगत होतो ना."

"चाळीस वर्षं!" ती सावरली. "अरे माणसा, चाळीस वर्षांत तुला एक बादली सुचली नाही?"

दुपारची बस इब्तिसामशिवाय गेली. तिनं वहीत दोघांची नावं लिहिली. बायकांनी ती झुडपं उपटायची नाहीत असं ठरवलं. सगळं गाव रांगेनं बादलीत डोकावून गेलं. मआती तर इतका वाकला की त्याची टोपीच आत पडली.

गोष्ट इथं गोड झाली असती. पण दुसऱ्या दिवशी लयाशी दुकानात गेला तर लोकांनी उठून जागा दिली. त्यानं ऑक्टोपसाची गोष्ट काढली. कोणी हसेना. मआतीनं गंभीरपणे मान हलवली, "असेल, बा लयाशी. समुद्रात काय नसतं!" वामीचं सांगितलं. एकानं विचारलं, आवाज जाड होता की बारीक? चार दिवस असं चाललं. लयाशीचा चहा गार होऊ लागला. घरी येऊन तो तामूला म्हणाला, "सगळं खरं मानतात गं! आता बोलायचं कसं?"

"मग नीट खोटं बोल," तामू म्हणाली.

पाचव्या दिवशी त्यानं चहाचा पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काल रात्री तामूनं कबूल केलं, की आमच्या सगळ्या भांडणांत चूक तिचीच होती."

मग मआती गल्ल्यावरून उसळून उभाच राहिला.

"थापाड्या! देव बघतोय!"

लयाशीनं सुखानं पाय लांब केले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.