अडगावच्या शेतातली माती

वाशीम ते अकोला सर्व्हिस मोटार चालवणाऱ्या एका मालकाने त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत नवी टूम काढली. एका दिवसात बाळापूरचा किल्ला आणि अडगावचे रणांगण दाखवायचे आणि मोटार परत आणायची. सोबत माहिती सांगायला मास्तर. तो मास्तर मी. शाळेत इतिहास शिकवत होतो आणि चार प्रतिष्ठित माणसांपुढे बोलायला मिळणार याचाच मला आनंद होता. बाळापूर माझे पाहिलेले होते. अडगावला मात्र मी कधी गेलो नव्हतो. नागपूरच्या राजाच्या आणि इंग्रजांच्या तिथल्या लढाईचा नकाशा एका पुस्तकात पाहिला होता, तेवढाच. मालकाला हे मी सांगितले नाही.

पुढच्या बाकांवर वाशीमचे एक वकील, दोन कापडवाले, कचेरीतली मंडळी. अगदी मागे रिसोड रस्त्यावरच्या एका खेड्यातला म्हातारा शेतकरी, त्याची सून आणि तिच्या मांडीवर तापाने मलूल झालेले तान्हे. पेट्रोलच्या वासाने सुनेला मळमळत होते. दर थोड्या वेळाने ती तोंड बाहेर काढी आणि लगेच लेकराच्या तोंडावर पदर ओढी. ही माणसे किल्ले पाहायला कशी आली, असे वकिलांनी मला हळूच विचारले. मी खांदे उडवले.

पातूरच्या घाटात इंजिनात पाणी घालायला मोटार थांबली तेव्हा म्हातारा माझ्याजवळ आला.

"मास्तर, तुमी अडगावची जागा दाखवता म्हने. आमच्या घरचा मानूस तेथी पडला. नागपूरच्या राजाच्या फौजेत होता."

"कोण होता तुमचा?"

"कोन ते कोनाले मालूम. आज्याचाही आजा म्हनतात." मग तो खालच्या आवाजात बोलू लागला. "सुनेचं हे तिसरं लेकरू. पहिले दोन गेले. भगतानं पाह्यलं, म्हने घरचा वीर भटकून राह्यला, त्याले ठाणं नाही. जेथी तो पडला तेथची माती आना, शेताच्या धुऱ्यावर बसवा, मंग हे जगते. म्हनून आलो, बावा. नाहीतर आमाले किल्ल्याचं काय कराचं."

त्याच वेळी मी त्याला सांगायला हवे होते. पण ड्रायव्हरने हँडल फिरवले, वकिलांनी हाक मारली आणि मी पुढे जाऊन बसलो.

बाळापूरला माझे चांगले जमले. दोन नद्यांच्या मधला तो विटांचा किल्ला, आतली कचेरी, नदीकाठची काळ्या दगडाची छत्री, सगळे मी रंगवून सांगितले. कापडवाल्यांनी माना डोलावल्या. वकील म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर असं सांगताय, जणू तुम्हीच बुरुजावर पहाऱ्याला होता." सगळे हसले. मीही हसलो. सून भिंतीच्या सावलीत बसून लेकराच्या ओठांना पाण्याचे बोट लावत होती. किल्ल्याकडे तिने पाहिलेही नाही.

पूर्णा ओलांडून अडगावला पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. मोटारीतून उतरलो. तिथे काहीच नव्हते. सपाट काळी जमीन, फुटलेला कापूस, मधून ज्वारी आणि लांब उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. ना ओटा, ना दगड, ना पाटी. नकाशातले बाण आठवायचा मी प्रयत्न केला, पण कोणता बाण कुठल्या दिशेचा होता तेच सुचेना.

"हं, बोला मास्तर," वकील म्हणाले. "की तुमची लढाई कापसात हरवली?"

मी बोलू लागलो. इथून इंग्रजांच्या तोफा, तिथे राजाचे घोडेस्वार. हात दाखवीन तिकडे माणसे मान वळवत होती. ड्रायव्हर मिस्त्रीने मागून आवाज दिला, "मास्तरसाब, जल्दी करा. घाटात बत्तीचा भरोसा नाही."

म्हातारा पुढे आला. डोक्याचे फडके त्याने हातात घेतले होते. "मास्तर, राजाचे मानसं पडले ते कोठी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. शेताच्या कोपऱ्यात एक निंब होता. मी म्हणालो, "त्या निंबापाशी. तिथेच सर्वांत जास्त पडले."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. पदराआडून, पण सरळ माझ्याकडे पाहत. "तुमाले कसं मालूम?"

"चूप राह्य," म्हातारा म्हणाला.

"मी इचारूनच राह्यली, मामाजी. येथी तं सारं एकसारखंच हाय."

वकील हसले. त्या हसण्याने माझे कान तापले. "पुस्तकात लिहिले आहे, बाई," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने निंबाखाली नारळ फोडला. फडक्यात माती बांधली. सुनेने लेकराचे कपाळ त्या जमिनीला टेकवले. ते रडलेसुद्धा नाही.

दिवाळीनंतर शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, म्हातारा शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. लेकरू गेले होते.

"रागावू नका, मास्तर. एकच इचारतो. जागा तेच होती ना?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण आतून मुले बघत होती, हेडमास्तर व्हरांड्यात होते, आणि खरे सांगितले तर हा माणूस इथेच ओरडेल असे मला वाटले. मी म्हणालो, "हो. तीच."

त्याने डोक्याचे फडके सारखे केले. "मंग वीराचा दोष नाही. सुनेनं तेथी शंका घेतली. त्याच्या तोंडावर इचारलं, कसं मालूम म्हून. भगतही तेच म्हनते." आणि रामराम करून तो निघून गेला. त्याच आठवड्यात त्याने सुनेला माहेरी पोहोचवले, हे मला रिसोडच्या बाजारात त्याच गावच्या माणसाकडून कळले.

म्हाताऱ्याच्या गावी जायला मला चार वर्षे लागली. खरे सांगायचेच, असे ठरवून गेलो होतो. म्हाताऱ्याने खाट टाकली, चहा करायला लावला. मग मला शेतावर नेले. धुऱ्यावर शेंदूर फासलेला दगड, त्याच्याखाली ती माती. मुलाचे दुसरे लग्न झाले होते. नवी सून एका धडधाकट पोराला कडेवर घेऊन आली आणि तिने त्याचे डोके दगडावर टेकवले.

"तुमचे उपकार हायत, मास्तर," म्हातारा म्हणाला. "जागा खरी निघाली."

मी विचारले, "आणि ती पहिली?"

"असंन माहेरी," तो म्हणाला, आणि दगडावरची वाळलेली पाने हाताने झाडू लागला.

ते पोर माझ्याकडे बघत होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता परत आलो. तिचे माहेर कोणते, एवढे तरी विचारायला हवे होते. तेही विचारले नाही. आता म्हातारा नाही, आणि त्याच्या मुलाशी माझी ओळख नाही. तिने विचारले होते ते मात्र माझ्याजवळ तसेच आहे. मला काहीच मालूम नव्हते, बाई. त्या शेतात तेवढे तुम्ही एकट्यांनी ओळखले होते.