योमन म्हणजे कोण?

शिक्षकांच्या खोलीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, चहाबरोबर आपोआप साठतात. आमच्या अमळनेरच्या शाळेत तर एका शब्दावरच पाच-सहा साठले.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला मी दिल्लीहून इंग्रजी शिकून परतले, तेव्हा वाटलं होतं, इथे कुणाला इंग्रजी येत नसेल, आपण शिकवू. प्रत्यक्षात सगळ्यांना येत होतं. फक्त प्रत्येकाचं वेगळं होतं.

हेडमास्तर आबांचा लाडका शब्द 'योमन सर्व्हिस'. सत्कार कुणाचाही असो, भाषणात तो यायचाच. अर्थ विचारला तर म्हणाले, "फार मोठी सेवा हो, बाई. योमन म्हणजे... सर्व्हिसच्या आधी येतो तो."

शाळेला पंखे देणाऱ्या शेठजींनाही तो मिळाला. ते शेजारच्या सरांच्या कानाशी लागले. "मास्टरजी, हमने सर्विस कब की? हमारी तो पुश्तों से दुकान है."

पुढच्या वर्गाचे पंखे आलेच नाहीत.

संस्कृतचे सर म्हणत, मूळ शब्द 'यवन'. गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणत, 'यमन'.

नववीत एकाने वाक्य केलं, "माय फादर इज अ योमन." मी हरखले. वडील काय करतात, विचारलं.

"तलाठी आहेत. घरात आले की सगळे गप्प. यम-मॅन ना, बाई?"

शेवटी मी मोठा शब्दकोश घेऊनच आले आणि भर खोलीत सांगितलं, योमन म्हणजे जुन्या इंग्लंडातला, स्वतःची थोडी जमीन स्वतः कसणारा शेतकरी. वाटलं, गोंधळ मिटला.

चित्रकलेच्या नानांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा निवृत्तीचा समारंभ होता. मानपत्र धुळ्याहून छापून, काच लावून आलेलं, वाचायचं होतं मीच, आणि त्यात योमन सर्व्हिस.

"बापाशी भांडून मास्तर झालो," ते म्हणाले. "जन्मभर मास्तरकी केली, आणि निरोपाला शेतकरी? शब्द काढा, नाहीतर मी येत नाही."

"नाना, इथे अर्थ निष्ठेने केलेली सेवा असा आहे."

"मघाशी शेतकरी होता. आता सेवा. नक्की कोणता?"



संध्याकाळी त्यांची समजूत काढायला घरी गेले. समारंभासाठी त्यांची थोरली बहीण, अक्का, शिरपूरकडच्या गावाहून आली होती. आमचा वाद ऐकून तिने विचारलं, "हाई काय शे, पोरी? योमन कोन?"

मी अर्थ सांगितला. अक्काने भावाकडे नीट पाहिलं.

"यानी कधी नांगर धरा? बाप गया, शेती तं मी करी. योमन मी शे."

"अक्का, तो शब्द पुरुषांना लावतात," नाना पुटपुटले.

"नांगर बी पुरुषच धरस ना?"

नाना मला म्हणाले, "उद्या पुढच्या रांगेत हिला खुर्ची ठेवा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, मानपत्र छापलंय तसंच वाचायचं. फक्त 'योमन' आला की नानांकडे बघायचं नाही, अक्कांकडे बघायचं.