जठारपेठेतला बर्फ

अकोल्यात बर्फ दोनच जागी सापडतो. एक रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला, आणि दुसरा माझ्या साडूंच्या डोक्यात. रसवंतीवरचा संध्याकाळपर्यंत संपतो तरी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जठारपेठेत घर, कोर्टात वकिली. चपलेतूनही चटका बसावा अशा एप्रिल महिन्यात हा माणूस सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर काय बघायचा, तर आल्प्समधल्या कुठल्याशा गावात रात्री बर्फ किती पडला! मग दूध घ्यायला फाटकाशी आले की घरची खुशाली सांगावी तसं शेजाऱ्यांना सांगायचे, "रात्री मस्त पडला. हातभर तरी असंन." शेजारी बिचारे मान हलवायचे आणि कूलरमध्ये पाणी सोडायला आत जायचे.

सगळ्या गोतावळ्याने मिळून त्या गावी जायचं आणि पायांत पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं, असा त्यांचा बेत होता. तिथल्या उतारांना रंग असतात. निळा नवशिक्यांचा, लाल जरा सरावलेल्यांचा आणि काळा ज्यांना जिवाची पर्वा नाही त्यांचा. हे कळल्यापासून साडूंना माणसं रंगातच दिसू लागली. लग्नाच्या पंगतीत माझ्या कानाशी लागून ते म्हणत, "तो वाढून राह्यला नं, तो लाल. कंबर पाहा त्याची." माझी बायको लालमध्ये बसली. मला त्यांनी निळ्यात टाकलं, कारण चिखलदऱ्याला एक उतार मी बसून उतरलो होतो आणि ते त्यांनी पाहिलं होतं. मी बराच वाद घातला, पण वकिलाशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालंय?

तयारीचा तर कहरच होता. आमच्या अमरावतीला हिवाळ्यात रस्त्याच्या कडेने स्वेटरवाले बसतात. साडू खास अकोल्याहून येऊन त्यांच्याकडे तास न् तास उकरत बसायचे आणि मला टोप्या घालून बघायला लावायचे. घेतलेली लोकर उन्हाळ्यात कूलरसमोर बसून तपासली जायची. गॅलरीत सगळ्या घरादाराला गुडघे वाकवून, हात पुढे करून उभं करायचे आणि स्वतः पाठीमागे फिरत, "वाकवा, अजून वाकवा," म्हणून ओरडायचे. समोरच्या घरातल्या काकूंना वाटायचं, वकीलसाहेब घरच्यांना शिक्षा करून राहिले. तिथल्या शिकवणाऱ्या मास्तरसाठी वरूडचा संत्रा न्यायचा, हेही ठरलेलं होतं. "त्यानं आपल्याले बर्फ दाखवला तं आपण त्याले काईतरी दाखवाव का नाई?"

हे सगळं वेड एका खुर्चीपासून सुरू झालं होतं. साडूंची धाकटी बहीण, जिला आम्ही सगळेच आत्या म्हणायचो, लहानपणी पोलिओने दोन्ही पायांनी अधू झाली. ती जन्मभर भावाच्या घरी राहिली. माहूर असो, गोवा असो, कुठेही जायचं निघालं की दशम्या बांधून द्यायला आत्या, आणि फाटकाशी गाडीला हात करायलाही आत्याच. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तुमी जा सारे. घर पाह्याले कोनीतरी पाह्यजे नं." साडूंचं उत्तरही ठरलेलं होतं. "कुलूप कायले बनवलं मंग?" एवढं बोलून ते चिडचिड करत गाडीत बसायचे, आणि वळण येईपर्यंत मागे बघत राहायचे.

एकदा त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर त्यांनी एक चित्र पाहिलं. बर्फाच्या उतारावर एक बाई खुर्चीत बसून भन्नाट खाली येत होती. खुर्चीला चाकं नव्हती, खाली घसरायची पट्टी होती, आणि बाईला गुडघ्याखाली पाय नव्हते. खाली लिहिलं होतं की आमच्याकडे कसाही माणूस येऊ शकतो, प्रत्येकासाठी सोय आहे. साडूंनी तो मोबाइल तसाच आत्यापुढे धरला. "बाई, हे पाह्य. हे तुह्यासाठीच केलं त्याहीनं." आत्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, ते पडली तं?" साडू म्हणाले, "तं सारेच पडून राह्यले तिथी. पडाले तं जातेत लोक!" त्या दिवसापासून आत्याला बर्फावर न्यायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. आम्ही बाकीचे निळे-लाल म्हणजे नुसती वऱ्हाडी मंडळी होतो. नवरी ती होती.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न त्यांनी जसा सोडवला तसा आल्प्समधल्या कुणाला सुचला नसता. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मालकाची केस त्यांच्याकडे होती. हिवाळ्यात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात, दुमजली घराएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. एका रविवारी साडूंनी आम्हा सगळ्यांना तिथे नेलं. लाकडी खुर्चीचे पाय कापून तिला खालून सागाच्या गुळगुळीत पट्ट्या मारून आणल्या होत्या. आधी वडीलकीच्या नात्याने ते स्वतः वर चढले, खुर्चीत बसले आणि घसरण्याऐवजी खुर्चीसकट छातीपर्यंत कापसात रुतले. कापूस म्हणजे बर्फ नव्हे, हे वऱ्हाडात जन्म काढलेल्या माणसाला रुतल्यावर कळलं. हमालांनी ओढून काढलं तेव्हा मिशा, भुवया, कान, सगळं पांढरं. "आता तुमी खरे स्वित्झर्लंडचे दिसता," मी म्हटलं. ते हसले नाहीत. त्यांनी गंजीवर ताडपत्री ओढायला लावली, कोपरे धरायला माणसं उभी केली आणि दोघा हमालांकडून आत्याला त्या खुर्चीसकट वर चढवलं.

आत्या खाली आली ती सुसाट. पदर उडालेला, दोन्ही हात वर. तिला मोठ्याने ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खाली सरकीच्या पोत्यांना येऊन थडकली आणि मागे वळून म्हणाली, "भाऊ, अखीन एक डाव!" मग ऊन उतरेपर्यंत तेच चाललं होतं. साडू दर वेळी तिच्याबरोबर पळत खाली यायचे, धापा टाकायचे, आणि आम्हाला सांगायचे, "काळ्या उतारावरची आहे बाई. तुमी सारे निळे."

पुढचा हिवाळा जायचा ठरला होता. पण त्याआधीच आत्याला दम लागायला लागला. तिला अमरावतीला आणलं, तेव्हा मी बरोबर होतो. पाठीचा कणा लहानपणापासून वाकलेला, त्यामुळे फुप्फुसांना कधी जागाच मिळाली नाही, असं डॉक्टर म्हणाले. थंडी नको, उंची तर नकोच. साडूंनी तिथेही युक्तिवाद केला. हा हिवाळा नाही तर पुढचा द्या, तोही नाही तर त्याच्या पुढचा. कोर्टात अशा तारखा त्यांना सहज मिळत असाव्यात. डॉक्टर कागद चाळत राहिले. बाहेर आल्यावर साडू मला म्हणाले, "मीच तिले कापसात नेलं, साडूभाऊ. ते धूळ गेली छातीत." कापसाचा याच्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, आत्यानेही सांगितलं. त्यांनी एकाचंही ऐकलं नाही. खाटेवरून आत्या म्हणाली, "भाऊ, तुमी जा सारे. घर पाह्याले मी हाओ नं." त्या वेळी त्यांच्याने कुलपाचं बोलवलं नाही.

होळीनंतर आत्या गेली. मला आजही तिची आठवण आली की ते वर केलेले हात आधी आठवतात, आणि फार वाईट वाटतं.

साडूंनी त्यानंतर बर्फाचं नाव काढलं नाही. सकाळी दूध घेऊन मुकाट्याने आत जातात. यंदा त्यांच्या मुलीने सगळं जुळवून आणलं, तेच गाव, तेच उतार. आत्याच्या मनात होतं ते करून येऊ, असं तिचं म्हणणं. बाबांना तयार करायचं काम तिने माझ्यावर सोपवलं, म्हणून मी अकोल्याला गेलो. साडू बैठकीत त्या पाय कापलेल्या खुर्चीजवळ, खाली सतरंजीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझी टोपी कुठे ठेवलीय तेही बरोबर सांगितलं, आणि म्हणाले, "तुमी जा सारे. घर पाह्याले कोनीतरी पाह्यजे नं."

कुलूप कायले बनवलं मंग, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते मला म्हणवलं नाही. मी त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसलो, आणि थोरल्या मेहुणीने चहा आणेपर्यंत आम्ही दोघेही त्या खुर्चीकडे बघत राहिलो.