सातव्या गाण्यातली वाटी

व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की ती आधी डोळे मिटायची. मग बाहेर ट्रकचा हॉर्न वाजो की शेजारचा कुकर, तिचं म्हणणं एकच: "राहू दे."

मुलांनो, आपल्या वरच्या मजल्यावर राहायची ती. सुट्टीत आलात की जिन्यात थांबवून तुमच्या हातावर चिवडा ठेवायची, तीच. गाणी स्वतः लिहायची, गायची, घरातच रेकॉर्ड करायची. खिडक्यांना गोधड्या टांगायची. पण खालच्या द्वारका चौकातल्या रहदारीला गोधडी कुठवर पुरणार?

तिचं हळदीचं गाणं इथल्या प्रत्येक मंगल कार्यालयात वाजतं. बाकीची अकरा कोणी ऐकत नाही. मी ऐकते, क्रमाने, आणि कोणी विचारो न विचारो, सांगते, की खरी ती त्या अकरांतच आहे.

सातवं गाणं तिच्या आईचं, येवल्यात पैठणी विणणाऱ्या. त्यात ती गजाने तारांवर हातमागाचा ठोका धरते. ते रेकॉर्ड होत असताना नेमकी मी तिची वाटी परत करायला गेले. रिकामी कशी द्यायची, म्हणून कोथिंबीरवड्या घालून. दार नुसतं लोटलेलं होतं.

"अगं, तुझी वाटी. गरम आहेत तोवर खा," म्हणत मी ती ओट्यावर ठेवली, खणकन.

लक्षात आलं तेव्हा मी ओशाळले. तिने गज थांबवलाच नाही.

पुढे मुंबईचे एक कंपनीवाले आले. बाराही गाण्यांचा अल्बम काढायला तयार होते. अट एवढीच, की सातव्यात माझा आवाज आणि वाटी आलीय, ते पुन्हा स्वच्छ गाऊन द्यायचं. मीही तिला समजावलं, हट्ट सोड, माझ्या वड्यांपायी अकरा गाणी अडकवू नकोस.

"काकू, आईच्या मागापाशी रोज कोणीतरी वाटी घेऊन येतंच. तिचा हात थांबत नाही. तुम्हाला काढलं तर ते गाणं आईचं कसं?"

कंपनीवाले परत गेले. आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. मग एका दुपारी ते गाणं नीट ऐकलं, आणि वड्या तळून वर गेले.

गेल्या हिवाळ्यात ती आजारपणात गेली. सोसायटीने हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, हळदीचंच लावू, लोकांच्या ओळखीचं आहे. मी उठले, माझा फोन स्पीकरला जोडला आणि सातवं लावलं.

वाटी खणकली तसं मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, मध्येच कोण बाई बोलतेय? पुढे ढकला की जरा."

मी आवाज वाढवला.

"राहू दे."