पाणी सोडलं

सरुबाईशी भांडण झालं नाही असं एकही घर गंगेकाठच्या त्या गल्लीत नव्हतं, आणि तिच्या गिरणीत दळण जात नाही असंही एक घर नव्हतं. लोक तिच्या तोंडाला भीत आणि पिठाला भुलत. त्र्याण्णव साली नवरा गेला तेव्हा बाराव्याला आलेल्या दिरानं गिरणी विकायची गोष्ट काढली. सरुबाई उठली, पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. दिराचं उरलेलं बोलणं त्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. पुढं दगडांना टाकी मारायलाही ती दुसऱ्याला बोलवीना, स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसे.

शेजारी गोटीरामचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. पिठाची धूळ भांड्यांवर बसते म्हणून त्यानं एकदा तिच्याविरुद्ध अर्ज केला. वर लोकांसमोर म्हणाला, "मी कशाला अर्ज करू?" अर्जावरची सही सरुबाईनं स्वतः पाहिली होती. तिनं त्याचं नाव ठेवलं दुतोंड्या, आणि ते गल्लीभर झालं.

नाशकात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पात्रात दोन्हीकडे तोंडं असलेला मारुती उभा आहे आणि पाणी मोजायला गावाला दुसरं माप लागत नाही. सरुबाईला ते सासूनं शिकवलं होतं. मारुतीच्या पायाला पाणी लागलं की गिऱ्हाइकांचे डबे माळ्यावर. गुडघ्याला लागलं की मोटरीचे नट ढिले करायचे. कमरेला लागायच्या आत मोटर वर, आणि मग आपण वर. पावसाळ्यात गल्ली तिलाच विचारी, "पाणी कुठवर?" ती सांगेल तसा बाजार उघडे किंवा आवरे. या एका बाबतीत तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

दोन हजार साली तिनं बँकेतून नवी मोटर घेतली, तेव्हा बँकेनं विम्याचा कागद पुढं केला. आग, पूर, वादळ. सगळं अभद्र एका ओळीत पाहून सरुबाई साहेबावर भडकली. "गंगेकाठी राहून गंगेविरुद्ध लिहून देऊ? ती काय चोर हे?" लेकीनं, प्रतिभानं, हातात पेन कोंबला तेव्हा कुठं सही झाली. दर वर्षी हप्ता भरताना ती साहेबाला चार शब्द सुनवायची.

सहा-सात वर्षांनी पितरं चालू असताना वर डोंगरात धो धो पाऊस लागला. गहू, तांदूळ, उडीद, सगळ्यांची दळणं एकदम आलेली. सकाळी दहाला सरुबाई जाऊन पाहून आली, पाणी मारुतीच्या पायाला होतं. तिनं शिस्तीत डबे माळ्यावर चढवायला घेतले. गुडघ्यापर्यंत यायला दुपार होईल हा तिचा हिशेब, आणि तो आजवर चुकला नव्हता.

निम्मे डबे वर गेले नाहीत तोच पाणी उंबऱ्यावरून आत आलं. दोन नट सुटले, दोन राहिले. कमरेइतक्या पाण्यात ती पाना घेऊन मोटरीशी झटत होती, शेवटी प्रतिभानं दंडाला धरून तिला ओढून वर नेलं. माळ्याच्या खिडकीतून मारुती दिसत होता. पाणी त्याच्या छातीवर होतं. गुडघा नाही, कंबर नाही, एकदम छाती.

वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. भोंगा वाजला म्हणतात. गल्लीत कुणाला ऐकू आला नाही.

चार दिवसांनी विम्याचा सर्व्हेअर आला. मोटर चिखलानं भरलेली, दगडांच्या खाचांत गाळ, डब्यांत आंबलेलं धान्य. त्यानं सगळं पाहिलं, फोटो काढले आणि कागद काढून सरळ प्रश्न केला, "पूर किती वाजता आला, मावशी?"

"पूर नाय आला."

"म्हणजे?"

"पूर मी जलमभर बघितलाय, साहेब. गंगा सांगून येते. आधी पाय, मग गुडघा, मग कंबर. माणसाला आवरायला वेळ देते. हे सोडलेलं पाणी हे. धरणातून पाणी सोडलं, असं लिहा. गंगेचं नाव घालू नका."

त्यानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं, वर त्याच्या अकलेचाही उद्धार केला. मग त्यानं तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले. वाचून दाखवलं तेव्हा ती खूश झाली. इतकं खरं तिचं कुणी आजवर लिहून घेतलं नव्हतं.

शेजारी गोटीराम म्हणाला, "पूर आला, साहेब. मोठा पूर." त्याचा दावा महिन्यात मंजूर झाला.

सरुबाईला पत्र आलं. प्रतिभानं वाचलं: विमेदाराच्या स्वतःच्या जबाबानुसार पूर आलेला नाही, सबब दावा नामंजूर.

सरुबाई कंपनीच्या कचेरीत जाऊन भांडली. टेबलापलीकडच्या बाईंनी, मोहिनी नाव त्यांचं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशी, नदीनं काठ सोडला की आमच्याकडे तो पूरच. मागे कोण आहे ते आम्ही बघत नाही. पण पूर नाही असं तुम्हीच लिहून दिलंत. आता नवा जबाब द्या, अतिवृष्टीनं नदीला पूर आला म्हणून. आणि शेजाऱ्याची साक्ष लावा."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"म्हणजे गिरणी चालू."

घरी येऊन तिनं दोन दिवस दगडांच्या खाचांतला गाळ छिन्नीनं उकरला. दळणं दुसऱ्या गल्लीत जाऊ लागली होती. तिसऱ्या दिवशी सरुबाईनं लिहून दिलं. साक्षीला गोटीरामशिवाय कोण होतं? त्यानं सावकाश चष्मा लावला, जबाब मोठ्यानं वाचला, सही केली आणि म्हणाला, "आला ना शेवटी पूर?" एरवी सरुबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला असता. ती कागद घेऊन निघून आली.

गिरणी सुरू झाली. नवी मोटर जुनीपेक्षा गोड चाले.

माघात सरकारी चौकशी बसली. पाणी न सांगता सोडलं का, एवढाच प्रश्न. देवळाच्या सभामंडपात गल्ली जमली. गोटीराम सगळ्यांत पुढं. "कसला पूर, साहेब? पाणी सोडलं! एका दमात सोडलं! या सरुबाईला विचारा, दहाला मारुती बघून आलेली ही एकटीच हे."

सगळी गल्ली तिच्याकडं वळली. गल्लीतल्या चिमणाबाईची अंथरुणाला खिळलेली सासू त्या पाण्यात गेली होती. चिमणाबाई अगदी समोर बसली होती.

सरुबाई उठली. गोटीरामसारखं एका कचेरीत एक आणि दुसरीत दुसरं तिला सांगता आलं असतं. धरणाचं नाव तिच्या जिभेवर होतं. पण विम्याच्या जबाबाखाली तिची सही होती, आणि आयुष्यभर तिनं ज्या शब्दानं दुसऱ्याला हिणवलं तो आता तिच्यासाठी वाट पाहत बसला होता. कंपनीनं कागद पुन्हा काढला तर मोटरही जाईल, ही भीतीही होती. ती नव्हती असं तिनं पुढं कधी म्हटलं नाही.

"पूर आला होता," ती म्हणाली. "लय पाऊस झाला. गंगेला पूर आला."

साहेबांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी चिमणाबाईनं येऊन आपला डबा न दळताच परत नेला.

पुढच्या पावसाळ्यात मारुतीच्या पायाला पाणी लागलं. गल्लीतले लोक सरुबाईच्या दारावरून घाटाकडं गेले, पाहून परत आले आणि आपापली दुकानं आवरू लागले. पाणी कुठवर, हे तिला कुणीच विचारलं नाही.