रुखवतातला रेडिओ

कतारमध्ये, दोह्याच्या अल मुंतझा भागात राहणारे अरुणकुमार हे जन्मजात धास्तावलेले गृहस्थ. बांधकाम कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर झाले, ते काही उगाच नाही. अशा माणसाला मेव्हण्याने अमेरिकेहून हवामानाचा रेडिओ आणून दिला, म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला!

हा रेडिओ एरवी मुका बसायचा आणि वादळ-पूर येणार असेल तरच किंचाळायचा. मात्र त्याला ऐकू यायची ती फक्त अमेरिकेतली केंद्रं.

"बाबा, इथे त्याचं स्टेशनच नाहीये," लेक ईशा सांगून थकली. "फोनवर अलर्ट येतो की!"

"फोन काय, पिझ्झावालासुद्धा वाजवतो," अरुणकुमार म्हणाले. रेडिओ फ्रीजवर विराजमान झाला. तो गप्प आहे, म्हणजे सगळं क्षेम आहे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मग ईशाचं लग्न ठरलं. सासर चिपळूणचं, पुराच्या बातम्यांतलं. तिथे पोरीला वेळेवर कोण सावध करणार, या काळजीने बापाला अन्न गोड लागेना. तिची आई अंजना मात्र रुखवताच्या घोरात होती. विकतच्या कुरडया मांडल्या तर विहीणबाईंसमोर नाक कापलं जायचं. तिने गहू भिजवले, रोज पाणी बदललं, चीक काढून शिजवला आणि सकाळीच गच्चीवर तीन चादरी भरून कुरडया घातल्या. दुसऱ्या दिवशी विमान होतं; बिघडल्या तर पुन्हा घालायला सवड नव्हती.

"अहो, मी बॅगा भरते. वारा सुटला की हाक मारा. आणि आभाळाकडे बघा, त्या डबड्याकडे नको!"

अरुणकुमार सावलीत खुर्ची टाकून बसले, मांडीवर रेडिओ घेऊन. दुपारी खिशातला फोन कर्कश वाजला. त्यांनी न बघताच तो बंद केला. उत्तरेचं आभाळ धुळीने दुधाच्या चहासारखं झालं. त्यांनी रेडिओकडे पाहिलं. तो गप्प होता.

"साहब, तूफान आ रहा है! यल्ला, यल्ला! जल्दी!" वॉचमन तनवीर जिन्यातून ओरडला.

"अभी अलार्म नहीं बजा," साहेब शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात पहिला झोत आला आणि एक चादर कुरडयांसकट कठड्यापलीकडे गेली. फोनवरचा इशारा वाचून अंजना धापा टाकत वर आली, तेव्हा दुसरी चादर उठत होती. अरुणकुमारांनी रेडिओ टाकला आणि चादरीची टोकं धरून गाठोडं पोटाशी कवटाळलं. तिसरी अंजना आणि तनवीरने सावरली.

खाली आल्यावर अंजना रडली, अगदी हुंदके देऊन. अरुणकुमारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या पुढच्या पुरांची चिंता करताना समोरचा वारा त्यांना दिसलाच नव्हता.

चिपळूणच्या हॉलमध्ये रुखवत मांडलं गेलं. चुरा न होता वाचलेल्या कुरडयांचं एकच ताट होतं, पण मधोमध होतं. शेजारी पोचे आलेला रेडिओ.

"हे हो काय?" म्हणत विहीणबाईंनी त्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. अक्षर अरुणकुमारांचं होतं.

"ईशा, हा गप्प असला, तरी आईला फोन कर."